शेवटच्या अल्बमनंतरचे पहिले गाणे

मधुकररावांची आणि माझी ओळख एका खोकल्यामुळे झाली. नव्वदच्या दशकात सिन्नरकडच्या आमच्या गावातील भजनी मंडळाची कॅसेट घेऊन मी त्यांच्या नाशिकमधल्या कॅसेटच्या दुकानात गेलो. अभंगाच्या मधोमध एक म्हातारबाबा खोकले होते. तेवढे काढून प्रती करून द्या, अशी माझी विनंती होती. दुकानात तबला नाही, पेटी नाही, नुसते यंत्राचे ठोके आणि त्यावर एक उदास इंग्रजी आवाज चालू होता.

“ह्यात माणूस हाय का कोणी?” मी विचारले.

“दोघं आहेत, गुरुजी. एक गातो, एक सिंथेसायझर वाजवतो. बसा, चहा सांगतो.” मग आमची कॅसेट ऐकून म्हणाले, “खोकला राहू द्या. त्यात तुमचं गाव ऐकू येतंय.”

खोकला राहिला. ते बाबा पुढे वारले. त्यांच्या घरचे आजही ती कॅसेट लावतात, ती त्या खोकल्यासाठीच.

नंतर शाळेच्या कामाने नाशिकला आलो की दुकानात डोकावणे ठरून गेले. पहिल्या दिवशी ऐकलेल्या त्या ब्रिटिश जोडीची हकिगत मला तिथेच कळली. घरच्या घरी जुळवलेल्या वाद्यांवर दोघा मित्रांनी सुरुवात केली, लवकर नाव झाले, मग रुसवे, फारकत, आणि बरीच वर्षे काहीच नाही. गिऱ्हाइकांची आवड बदलली, तरी मधुकररावांनी त्यांच्या कॅसेट दर्शनी फळीवरून हलवल्या नाहीत. कोणी कोऱ्या कॅसेटवर एकच गाजलेले गाणे भरून मागितले, तर उरलेल्या टेपवर ते त्याच अल्बममधली बाकीची गाणी भरून देत. “एकट्या गाण्याला करमत नाही,” म्हणत.

दोन हजार सालानंतर ते दोघे पुन्हा एकत्र आले आणि हा आपला शेवटचा, असे सांगूनच त्यांनी नवा अल्बम काढला. मधुकररावांच्या लंडनमधल्या भाच्याने त्याची सीडी पाठवली. त्यांनी ती न फोडता गणपतीच्या तसबिरीशेजारी ठेवली. महिने गेले. कॅसेटची विक्री थांबल्याने दुकान बंद करायचेही त्याच सुमारास ठरले.

“अहो, आता उदबत्ती तेवढी लावा तिला,” त्यांच्या पत्नी सुमनवहिनी एकदा म्हणाल्या.

“ऐकली की संपलंच ना सगळं,” मधुकरराव म्हणाले. ते हसले नाहीत.

मला घरची रीत आठवली. पोथीचा शेवटचा अध्याय झाला की माझे वडील ती तशीच मिटत नसत. पहिल्या अध्यायाच्या चार ओव्या वाचत, मगच रुमालात बांधत. वाचन संपले, असे देवापुढे होऊ नये म्हणून. मी ते मधुकररावांना सांगितले. 

दुकानाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतले. रिकाम्या फळ्यांसमोर आम्ही तिघांनी तो अल्बम ऐकला. गाणाऱ्याचा आवाज थकला होता. भाषा मला कळली नाही, निरोप कळला. शेवटचे गाणे थांबले. मधुकरराव उठले आणि त्यांनी त्या जोडीची अगदी पहिली कॅसेट लावली. एक गाणे पूर्ण होऊ दिले, मगच शटर ओढले.

आता ते घरी बसून गावोगावच्या भजनी मंडळांच्या जुन्या कॅसेट सीडीवर उतरवून देतात. खोकले तसेच ठेवतात.

आज मधुकररावांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. पंचांगातील संवत्सरेही साठच. त्यानंतर जन्मवेळचे संवत्सर पुन्हा येते. म्हणजे हा पुन्हा पहिला अध्याय आहे. मधुकररावांनी या वेळी चार ओव्यांवर न थांबता, चांगल्या प्रकृतीने, सगळी पोथी पुन्हा वाचावी, एवढेच त्या तसबिरीतल्या गणपतीकडे मागणे.