ओमानात दारं धरलं त्याची गोष्ट

मस्कतहून परत आल्यापासून कामशेतला चहाला टेकलो की कुणी ना कुणी विचारतोच, "भाऊ, काय काय बघितलं तिकडं?" मी किल्ला सांगतो, खजूर सांगतो, रस्ते कसे गुळगुळीत आहेत ते सांगतो आणि विषय बदलतो. पण आता लपवण्यात काही अर्थ राहिलेला नाही. आमच्या हिने बचत गटाच्या बैठकीत सगळं सांगून टाकलंय. तेव्हा तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा सांगा आणखी एक, कारण मी स्वतःची बाजू मांडत मांडत सांगणार आहे.

मी वडिवळ्याचा. तळेगावच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये जन्म गेला, पण शिफ्ट सुटली की लोकल पकडून थेट भाताच्या खाचरात. निवृत्त झाल्यावर तर घर फक्त जेवायला. धरणाखालचं गाव आमचं, त्यामुळे पाणी कुणी कधी सोडावं, किती सोडावं, कुठे अडवावं, याबद्दल मला ठाम मतं आहेत. ती आमच्याकडे प्रत्येकाला असतात.

तर आमची ज्योती, म्हणजे मुलगी, मस्कतला असते. आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे गेलो. तिला आणि जावयांना नोकरी, सुट्टी मिळेना. म्हणून तिने आमच्या दोघांसाठीच दिवसभराची गाडी ठरवली. सकाळी निझवाचा किल्ला, दुपारी डोंगरातलं एक जुनं गाव, संध्याकाळी बहलाचा किल्ला आणि परत. गाडीवाला सालिम, चाळिशीचा, पायघोळ पांढरा झगा, डोक्याला नक्षीची टोपी. मस्कतच्या बाजारात आपल्याकडच्या दुकानदारांबरोबर वाढलेला, त्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा बरी.

ज्योतीने त्याला बजावलं होतं, "बाबा कंपनीतून रिटायर झालेत, त्यांना जास्त चालवू नका." हे तिने प्रेमाने सांगितलं. पण पुढे तेच मला नडलं.

निझवाचा किल्ला बघितला. चांगला आहे. पण आमच्या डोक्यावर लोहगड उभा असताना माणूस दुसऱ्याच्या किल्ल्याचं कौतुक करून करून किती करणार? ही मात्र प्रत्येक खोलीत जाऊन भांडी बघत होती. मी दोन वेळा जांभई दिली. तिसऱ्या वेळी सालिमने बघितलं आणि आम्हाला गाडीत घातलं.

डोंगरातल्या त्या गावाचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. खडकावर मातीची घरं, मधून बेडशाच्या लेण्यांसारख्या दम काढणाऱ्या पायऱ्या आणि खाली उतरत गेलेली खजुराची पायरीपायरीची शेतं. सालिमने नियम सांगितले. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. अंगभर कपडे पाहिजेत. आणि पाटात हात-पाय धुवायचे नाहीत. मी तुम्हाला शपथेवर सांगतो, मी शेवटपर्यंत पाटात हात-पाय धुतले नाहीत.

पण तो पाट! लांब कुठून तरी झऱ्याचं पाणी आणलेलं, डोंगराच्या कडेकडेने, वीतभर रुंद. ना पंप, ना पाइप. प्रत्येक वाफ्यापाशी पाटाला भोक, त्यात चिंधी गुंडाळलेला दगड. दगड काढला की पाणी वाफ्यात, लावला की पाणी पुढे. मी तिथेच उकिडवा बसलो. सकाळपासून पहिल्यांदा मला जाग आली.

तेवढ्यात अजान झाली. सालिम म्हणाला, "बाबा, पंद्रह-बीस मिनट. आप दोनों यहीं छाँव में बैठो." आणि तो वर मशिदीत गेला. शेतात दोघं-तिघं होते, तेही गेले. राहिलो मी, ही आणि ते पाणी.

माझ्यासमोरचा वाफा तुडुंब भरला होता. खजुराचे बुंधे पाण्यात उभे, आणि तरी पाणी आत येतंच होतं. बघवेना. शेजारचा वाफा बघितला तर भेगा पडलेल्या.

"आगं, बग की," मी म्हणालो. "हितं सांडाय लागलंय आन् तितं फुफाटा उडतोय. पानी सोडून मालक गेला निगून."

"गेला असंल नमाजाला. यील की."

"तवर वाया जाईल न्हवं."

"अवो, नगा हात लावू. आपलं रान हाय का ते?"

"पानी कुनाचंबी असू दे, वाया कशापायी घालवायचं?"

हे वाक्य तेव्हा मला फार थोर वाटलं होतं. मी चिंधीचा दगड उचलला, भरलेल्या वाफ्याचं भोक बंद केलं, शेजारच्याचं उघडलं. पाणी भेगांमधून चर्र करत आत गेलं. दारं धरण्यात, असं वाफ्यावाफ्याला पाणी वळवण्यात, जे सुख आहे ना, ते किल्ल्यात नाही. मी पँट झटकली आणि सावलीत येऊन बसलो. मालक आला की आभार कसे स्वीकारायचे याचा विचार करत होतो.

मालक आला. सईद नावाचा म्हातारा, हातात काठी. वाफ्यापाशी उभा राहिला, पाटाकडे बघितलं आणि खालच्या बाजूला कुणाला तरी हाक मारली. खलफान नावाचा दुसरा म्हातारा आला. सईद काठीने एक भोक दाखवी, खलफान हाताने आकाश दाखवी. आवाज चढला. बाकीची मंडळी जमली. मला वाटलं, एवढं नीट पाणी कुणी वळवलं याची चौकशी चाललीय. मी हात जोडून पुढे झालो.

सालिमने मला बाजूला घेतलं. "बाबा, थोडा रुको. यहाँ झगड़ा हो गया."

मग त्याने सांगितलं ते असं. तिथे प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली. आज या वेळेची पाळी सईदची, त्याची पुढची आठ दिवसांनी. वरचा वाफा भरला की पाणी दगडांच्या बांधातून झिरपून खालच्या पायरीवर उतरतं. तिथे सईदने नव्या लिंबोणी लावल्यात, कोवळ्या, हातभर उंचीच्या. आजचं पाणी त्यांच्यासाठी होतं. वाया काहीच चाललं नव्हतं. आणि नेमकं तेच पाणी कुणीतरी खलफानच्या वाफ्यात वळवलं.

"सईद बोलता है, खलफान ने चोरी की. खलफान बोलता है, मैं तो तुम्हारे बाजू में नमाज़ में खड़ा था. सईद बोलता है, तुम सबसे आख़िर में आए थे."

मी घसा साफ केला.

"और बाबा," सालिम आणखी हळू आवाजात म्हणाला, "ये दोनों समधी हैं."

व्याही! आता तुम्हीच सांगा, व्याह्याव्याह्यांत पाण्यावरून चोरीचा आळ आला तर ते मिटतं का? आमच्याकडे तर लग्नात फेट्याचा रंग चुकला तरी दोन पिढ्या पुरतो. सईदची सून म्हणजे खलफानची लेक, ती बिचारी कुठल्या तरी घरात भाकऱ्या भाजत असेल, आणि इथे तिच्या बापाला तिचा सासरा चोर म्हणतोय. माझ्यामुळे.

मला खरंच फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी गाडीकडे जाणारा रस्ताही दिसला.

"चल गाडीकडं," मी हिला म्हणालो. "लांब गेलो की सालिमला सांगू."

"तुमी बोलता का मी बोलू?" ही म्हणाली.

मी बोललो. छातीवर हात ठेवून सगळ्यांसमोर, माझ्या हिंदीत. "पानी मैंने फिरवाया. खलफान का कुछ गुन्हा नहीं."

सालिमने ते अरबीत सांगितलं. सईद माझ्यापाशी आला, माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरलेले. खलफानने माझ्या खांद्यावर हात ठेवला. चटई आली, खजूर आले, छोट्या कपांत कहवा, म्हणजे तिकडची कॉफी, आली. मला वाटलं, सुटलो. किती समजूतदार माणसं.

"क्या बोले?" मी सालिमला विचारलं.

"बोलते हैं, कितना बड़ा दिल है. परदेस का मेहमान, दो समधियों का झगड़ा मिटाने के लिए चोरी अपने सर पर ले रहा है."

कुणाचाही विश्वास बसला नव्हता. आणि पुढचं ऐका. सईदने माझ्याकडे बोट दाखवून खलफानला काहीतरी सुनावलं, तसा खलफान कप खाली ठेवून उठलाच. सालिमने अर्थ सांगितला. "परक्या माणसाला लाज आहे, तुला नाही," असं सईद म्हणाला होता. म्हणजे माझ्या कबुलीने भांडण वाढलं.

मी पुरावे द्यायला लागलो. चिखलाची पँट दाखवली. ते म्हणाले, मेहमान घसरला असेल. मी पाटापाशी जाऊन भोक दाखवलं, हे मीच बंद केलं. तिथला एक अगदी थकलेला म्हातारा वाकून बघायला लागला. आपल्याकडे पाटकरी असतो तसा हा त्यांच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा. त्याने दगडावरून बोट फिरवलं, मान हलवली आणि निकाल दिला.

"बोलते हैं," सालिम म्हणाला, "एक बूँद नहीं गिर रहा. ये टूरिस्ट का काम नहीं. जिसने ज़िंदगीभर यही किया, उसका हाथ है."

तुम्हाला काय सांगू मंडळी. आख्ख्या परदेशात माझं एवढं एकच कौतुक झालं, आणि ते खलफानच्या नावावर गेलं.

"अरे ज़िंदगीभर मैंने यहीच किया है!" मी म्हणालो. "हमारा खाचर है, भात है!"

सालिमने माझ्याकडे दयेने बघितलं. "बाबा, बेटी ने बताया है. आप कंपनी में थे."

खलफान आता पायऱ्या चढायला लागला होता. पाठमोरा माणूस किती दुखावला आहे ते पाठीवरूनही कळतं. मी हताश होऊन हिच्याकडे बघितलं.

ही उठली. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि सालिमसमोर जाऊन उभी राहिली. "इन्होंनेच किया. मैं नको नको बोली, तरी किया."

सालिमने सांगितलं. पाटकऱ्याने विचारलं, घरीही असंच करतात का?

हिला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तिची हिंदी संपली ती तिथेच, पुढचं सगळं मराठीत. "घरी? अवो, भावकीच्या खाचरात करत्यात, शाळंच्या बागंत करत्यात. लेकीच्या सासरी पयल्यांदा गेलो, तवा मानसं च्या घिऊन बाहीर आली तर हे मागल्या दारी गेलतं, त्येंच्या केळीला पानी सोडाय. तिसऱ्या मजल्यावरची टाकी रिकामी केली."

सालिमला मराठी कितपत कळलं कोण जाणे, पण त्याने बराच वेळ सांगितलं, हातवारे करून. ऐकता ऐकता एकेक मान डोलायला लागली. सईदने काठी खाली ठेवली. वरच्या खिडकीतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. माझी पाव तासाची कबुली एकालाही पटली नव्हती, हिचं अर्ध्या मिनिटाचं गाऱ्हाणं सगळ्यांना पटलं.

सईद स्वतः पायऱ्या चढून खलफानला घेऊन आला. हाताला धरून. दोघं एकाच चटईवर बसले आणि एकाच ताटलीतले खजूर खायला लागले. पाटकऱ्याने सूर्याकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं. सईदच्या मागोमाग आजची पाळी खलफानचीच होती, त्यातलं गेलं तेवढं पाणी सईदला. खलफान लगेच हो म्हणाला. इतक्यावर मिटलं. मला हायसं वाटलं.

पण मला अजून प्रायश्चित्त घ्यायचं होतं. "लिंबोणी को पानी मैं देता," मी म्हणालो. "मेरे हाथ से."

त्यांच्यात कुजबुज झाली. हीसुद्धा सालिमशी काहीतरी बोलली. मग पाटकऱ्याने मला हाताला धरून दोन पायऱ्या वर नेलं, तिथे एक बारीकसा पाट होता. त्याने चिंधी गुंडाळलेला भला थोरला दगड माझ्या मांडीवर ठेवला.

"बाबा," सालिम म्हणाला, "जब पानी आए, तब ये पत्थर लगाना. तब तक हिलना नहीं. बहुत ज़िम्मेदारी का काम है."

मी बसलो. पाऊण तास बसलो, भर उन्हात, मांडीवर दगड. खालून कहव्याचा वास येत होता, हसणं ऐकू येत होतं. जाणारा-येणारा प्रत्येक जण छातीवर हात ठेवून मला सलाम करत होता. मीही मान लववत होतो. नजर मात्र पाटावरून हलवली नाही.

पाणी आलं नाही. शेवटी पाटकरी आला, त्याने दगड उचलून घेतला, माझी पाठ थोपटली. खाली जाऊन बघितलं तर लिंबोणी पाण्यात डोलत होत्या. काम फत्ते झालं होतं. निघताना सईदने खजुरांची पिशवी दिली, ती हिच्या हातात.

उशीर झाला होता. बहलाचा किल्ला गाडीतूनच बघावा लागला. मी समाधानाने पाय पसरले आणि मागे वळून हिला म्हणालो, "बगितलंस का? शेवटी शेतकऱ्याला शेतकरीच वळखतो. चूक झाली तरीबी कसलं भरवशाचं काम दिलं मला."

सालिमचे खांदे हलायला लागले. त्याने गाडीचा वेग कमी केला. "बाबा, ग़ुस्सा मत करना. उस नाली में पानी परसों आता है."

मी पसरलेले पाय जवळ घेतले.

"मंग मला तितं बसवलं कशाला?"

सालिमने आरशात मागच्या सीटकडे बघितलं. ही खजूर खात होती. बी काढून तिने नीट पिशवीत ठेवली.

"म्याच म्हनलं त्याला," ती म्हणाली, "यास्नी पानी नसंल तितं बसवा. आन् दगूड जड द्या, म्हंजी उठायचं न्हाईत."