तिच्या शेजारची जागा

करुणा गेल्याचं मला एका व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं. वाळूजकडं जाणारी कंपनीची सकाळची बस, खिडकीजवळची जागा, हातात मोबाइल. स्टेटस तबस्सुमचं होतं. करुणाचा हसरा फोटो आणि खाली ‘हमारी करुणाबाजी नहीं रहीं’. ती तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणायची. खोटं कशाला सांगू… आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, हिला माझ्याआधी कसं कळलं? शाळेपासूनची मैत्रीण मी. आणि तिची बातमी मला तिच्याकडं कामाला असलेल्या बाईकडून कळावी, तीही अशी, सगळ्या गावाबरोबर? या गोष्टीला आता महिना उलटला, तरी तो सल गेलेला नाही.

बिडकीनच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. लग्नं झाली आणि योगायोगानं दोघीही बजाजनगरात आलो, एकाच कंपनीत लागलो. गाड्यांच्या वायरी जोडायचं काम. दिवसभर गाड्यांच्या वायरी हाताळणाऱ्या आम्हा बायकांत गाडी चालवता येणारी एकही नव्हती. करुणाला ते खुपायचं. ती एका क्लासला शिकायला गेली. तिथला शिकवणारा माणूस प्रत्येक चुकीला म्हणायचा, “मॅडम, पोळपाट नाही हा!” एक दिवस तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उतरली आणि चालत घरी आली. पुढं दुसरीकडं शिकली, पण ते वाक्य विसरली नाही. “बायांला शिकवायला बाईच पाहिजे,” असं ती डबा खाताना म्हणायला लागली. आम्ही हसायचो. राग आहे, निवेल, असं मला वाटायचं. तो निवला नाही. तिनं नोकरी सोडली, जुनी गाडी घेतली, शिकवणारीसाठी शेजारच्या सीटपाशी दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि माझ्या दारात येऊन उभी राहिली.

“अलके, चल. दोघी मिळून क्लास काढू. एकटीला भ्या वाटतंय.”

“पोरांच्या शाळा हायत गं. ह्यांच्या कामाचा भरवसा नाय. मला नाय जमायचं.”

तिनं मान हलवली, पाणी प्यायली, निघून गेली. पुन्हा कधी विचारलं नाही. तिनं पुन्हा विचारावं, असं मात्र मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

सुरुवातीला तिच्याकडं कुणी आलंच नाही. गाडीवर पाटी लावून ती रिकामीच गाडी फिरवायची, लोकांना दिसावी म्हणून. आमच्या बसच्या बाजूनं जाताना ती हॉर्न वाजवायची, आतल्या बायका हात हलवायच्या. मी हलवायचे नाही. तिचा धंदा चालत नव्हता हे मला ठाऊक होतं, तरी माझा जळफळाट व्हायचा. तिला कुणी हजेरी विचारत नव्हतं. उन्हात का असेना, ती तिच्या मनानं वळत होती. मी बसमध्ये, आणि बस नेईल तिकडं.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत वॉचमननं निरोप दिला, बाहेर कुणीतरी आलंय. गेटसमोरच्या लिंबाखाली तिची गाडी उभी होती. करुणा आत बसून डबा खात होती, तोंड आमच्या गेटकडं.

“इथं काय करायलीस?”

“जेवतेय. एकटीला घास उतरत नाय गं.” मी शेजारी बसले. ती बराच वेळ भाकरी नुसती मोडत राहिली. “नोकरीत दिवस वाईट गेला तर सायबाला शिव्या देता येतात. इथं कुणाला देऊ? सायेब बी मीच.”

“मग घरी सांग ना.”

“घरी सांगितलं की म्हणतील, सोड मग. मला सोडायचं नाय. नुसतं सांगायचंय.”

त्यानंतर ती अधूनमधून यायची. कधी रडायची, कधी आदल्या दिवशी फोनवर चौकशी करून न आलेल्या बायकांच्या नकला करायची. त्या दिवसांत मला तिचा हेवा वाटला नाही… तिला माझी गरज होती ना! मी तिच्यासाठी भाजी जास्तीची आणायचे. आणि मग एक दिवस लिंबाखाली गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशीही नव्हती. तिच्याकडं शिकायला बायका येऊ लागल्या होत्या. शिक्षिका, नर्सबाई, साठी ओलांडलेल्या एक आजी. मला आनंद व्हायला हवा होता. मी भाजी तशीच घरी नेली.

तबस्सुम त्यांतलीच. शिकायला आली आणि राहिलीच. दुसरी गाडी आली ती तिच्या हाती. मी न राहवून करुणाला म्हटलं, “तिला कसं काय घेतलंस?”

“तिनं विचारलं,” करुणा म्हणाली. एवढंच.

मी तिच्याकडं गाडी शिकणार नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं. पण एका रविवारी ती आली, मला ओढत पैठण रोडला घेऊन गेली आणि गाडीचं स्टिअरिंग हातात दिलं. बिडकीनच्या अलीकडं मी सलग, न अडखळता गाडी चालवायला लागले, तेव्हा समोर बघतच ती म्हणाली, “तू जळतीस ना माझ्यावर?”

“व्हय.”

“मी बी जळायचे. तुला सुट्टीचा रविवार होता गं.”

मला वाटतं, आमच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला प्रवास होता.

एका बाईला शिकवतानाच करुणाचं डोकं ठणकायला लागलं. तबस्सुमनं तिला दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पहाटे ती गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धविहारात बायका मावत नव्हत्या. प्रत्येकीकडं करुणाची एक गोष्ट होती, आणि त्यातली एकही मला माहीत नव्हती. सगळ्या तबस्सुमच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते. शेवटी तबस्सुमच माझ्यापाशी आली. “बाजी, मेरेकू डर लग रा. अकेली कैसा चलाऊँ?”

“दुपारी जेवायला आमच्या गेटवर येत जा,” मी म्हणाले. आणि लगेच वाटलं, ती लिंबाखालची जागा तरी माझ्यापुरती ठेवायला हवी होती.

करुणाची एक सवय होती. गाडी हलवायच्या आधी ती स्टिअरिंगवर तळव्यानं हलकेच दोनदा थोपटायची, तापलेल्या लेकराला थोपटावं तशी. “भिऊ नको म्हणायचं तिला,” असं मला सांगायची. मला वाटायचं, हे तिनं फक्त मला शिकवलंय. परवा दिराची गाडी चालवत क्रांती चौकात सिग्नलला थांबले होते. शेजारच्या गाडीत चष्मा लावलेली एक तरुण बाई. हिरवा दिवा लागला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि तिनं शांतपणे स्टिअरिंगवर दोनदा थोपटलं. मी काच खाली केली.

“करुणाताईंकडं शिकलात?”

“हो! तुम्ही पण?”

“मी तिची मैत्रीण,” मी ओरडून सांगितलं. “सगळ्यात आधीची!” पण तोवर तिची गाडी पुढं निघून गेली होती.