शेळ्यांसाठी लिहिलेला भारदस्त अर्ज

सर्व सज्जनांनी कामधंदा सोडून ऐकावे: निजामाच्या राज्यात माझ्याइतका भारदस्त अर्ज लिहिणारा दुसरा मुन्शी नव्हता, असे निदान माझे ठाम मत होते. एकदा गंगाखेडच्या कचेरीपुढे राणीसावरगावची एक धनगरीण आली. तिच्या शेळ्या कोंडवाड्यात अडकल्या होत्या आणि घरी त्यांची दूधपिती करडे उपाशी होती. मी उर्दूत तहसीलदारसाहेबांची थोरवी लिहीत तिला मराठीत अर्थ सांगू लागलो: चंद्रासारखे तेज, सिंहासारखी छाती, खानदानी घराणे. पदर तोंडाशी धरून ती मान डोलवायची. नजर मात्र कोंडवाड्याकडे. मी सुखावून दुसरा कागद घेतला, तशी ती ओरडली, “अवो मुन्शीबाबा, सायबाचं लगीन जमवायलाव का माझ्या शेळ्या सोडवायलाव?”