आबांचे कान

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आयुष्य काढलेल्या माणसाचे कान गेले, तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. आबांनी, माझ्या वडिलांनी, तीस वर्षं लूम चालवले. त्या खडखडाटात कारागीर एकमेकांशी हातांनीच बोलतात. म्हणून काम सुटल्यावर आबा हाकेला ओ देईनासे झाले, तेव्हा मी डॉक्टरबिक्टर काही शोधला नाही. कान गेले म्हटलं आणि खुणा सुरू केल्या. बोटं तोंडाकडे नेली की जेवण, अंगठा ओठांना लावला की पाणी. आबाही खुणेनंच उत्तर देत. मी मुळात तोंडाळ. त्यांच्यादेखत वाट्टेल ते बोलायची मला आयतीच मोकळीक मिळाली. तीन वर्षं ती मी मनसोक्त वापरली.

गेल्या उन्हाळ्यात जेवताना, आबा शेजारीच बसलेले असताना, मी नवऱ्याला आमच्या अहिराणीत म्हणाले, "आबासले गावले धाडी देऊत. मनाकडतीन आते व्हत नही." दुसऱ्या दिवशी आबा घरातून नाहीसे झाले. संध्याकाळी उधना स्टेशनच्या बाकावर सापडले, मांडीवर पिशवी, पिशवीत दोन सदरे. कुठं निघाला होतात, ते त्यांना सांगता येईना. आम्ही म्हटलं, वाट चुकले असतील.

मग मात्र मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. बऱ्याच तपासण्या झाल्या. शिवाय आमची संमती घेऊन त्यांनी आबांना मेंदूच्या लहरींच्या एका अभ्यासातही घेतलं. डोक्यावर तारांची टोपी चढवून तिथली मुलगी साध्या आवाजात गुजरातीत म्हणाली, "दादा, आंखो बंध करो." आबांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं, आवाज न चढवता, ती म्हणाली, "हवे खोलो." आबांनी डोळे उघडले.

मिटल्या डोळ्यांना खुणा दिसत नाहीत.

डॉक्टर पडद्यावरच्या रेघा समजावत होते. निरोगी मेंदूच्या लहरींत गुंतागुंत असते, पुढं काय येईल याचा अंदाज लागत नाही. स्मृतिभ्रंशात त्या बहुतेकदा संथ आणि एकसुरी होत जातात. संगणक तो फरक मोजतो. आपापल्या चालीनं चालणारे लूम एकेक करून बंद पडावेत, तसं मला वाटलं. एवढ्यावरून निदान करत नाहीत, पण बाकीच्या तपासण्याही तेच सांगतायत, असं ते म्हणाले.

मी भलतंच विचारलं, "आणि कान?"

"वयाच्या मानानं चांगले आहेत. उत्तर सुचत नसेल, म्हणून गप्प राहत असतील."

"आम्ही बोलत राहिलो असतो तर?"

"आजार थांबला नसता. लवकर लक्षात आला असता, एवढंच."

एवढंच! मला त्या स्टेशनवरच्या बाकाशिवाय काही दिसेना. आबा वाट चुकले नव्हते. मी गावी धाडू म्हटलं होतं, म्हणून ते निघाले होते.

घरी आल्यावर त्यांच्या पाठीमागं उभी राहून मी हळूच म्हणाले, "आबा, मी चुकनू. आते कोठेच जानं नही."

आबा लगेच वळले. माझ्याकडं पाहून त्यांनी स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि हात हलवला. ऐकू येत नाही. ती खूण त्यांना मीच शिकवली होती.