पुसलेले चौकोन

फडकं पिळलं तर बादलीतलं पाणी पांढरं. व्हरांडाभर पोरीनं खडूनं चौकोन काढले होते, ते सगळे मी पुसले होते! आणि तेवढ्यात फोन. शाळेतून, मॅडमच्या फोनवरून पोरगीच.

"आई, माझे चौकोन मोज ना. किती झाले ते लिहायचंच राहिलं. सुट्टी संपायच्या आत सांगितलं तर गणिताच्या टीममध्ये घेणारेत."

"मोजते, दहा मिनिटांनी कर," म्हणाले. पुसलं म्हणायची हिंमतच झाली नाही.

माझी आठवी झालेली. पण सकाळी डबा भरताना तिनं सांगितलं होतं. चौकोनात चार घरं, प्रत्येकात शून्य, एक नाहीतर दोन. शेजारच्या दोघांच्या फरकाला तीननं भाग जायला नको, मतलब शेजारी सारखा आकडा नको. तिरका सारखा चालतो. असे किती होतात?

बसले खडू घेऊन. सहा झाले. सातवा काढला की आधीचाच, नुसता फिरवलेला. तो पुसायचा.

परत फोन.

"सहा," म्हटलं.

"सहा? आई, तीन ओळी होत्या माझ्या!"

"अगं, बाकीचे नुसते फिरवलेत. रांगोळी फिरवली म्हणून दुसरी होते का?"

"फिरवलेले वेगळे धरायचेत." मग हळूच, "आई, तू पुसलंस ना?"

"नाही गं! थांब, मोजते."

फोन कानाला लावून एकेका चौकोनाभोवती फिरले, चारी बाजूंनी बघितलं. तीन चौकोन दोन-दोन तऱ्हांचे दिसले, तीन चार-चार तऱ्हांचे. सहा आणि बारा.

"अठरा!"

"पक्कं?"

"पक्कं."

तिकडून मॅडम म्हणाल्या, "शाबाश बेटा." घेतलं तिला टीममध्ये.

हुश्श करून खाली बघितलं, तर फरशीवर सहाच चौकोन. आणि आकडे माझे, मराठीतले. पोरगी इथं जयपूरलाच शिकलेली, ती इंग्रजीच काढते. बघताक्षणी ओळखणार.

ह्यांना विचारावं तर हे बॉर्डरवर, फोन लागत नाही. दोन वाजेपर्यंत तीनदा बादली भरली, तीनदा ओतली. पुसलं तर फरशी कोरी बघून विचारणार, ठेवलं तर विचारायचीही गरज नाही. खातीपुऱ्याच्या वळणावर शाळेच्या बसचा हॉर्न वाजला तेव्हा ओलं फडकं हातातच होतं.

तुम्ही काय केलं असतं?