कमरोद्दीन चाचाचा ओटा

कमरोद्दीन चाचासारखा माणूस शेजारी असला की डोकंच फिरतं. आमच्या ठेसनाच्या पेठेत त्याचं गादीघर. बाप पिंजारी, हा बी पिंजारी. पूर्वी औरंगाबादच्या पॅसेंजरमधून नवरीकडचे लोक उतरायचे ते थेट याच्याकडं, आंदणाच्या गाद्या सांगायला. आता पेठेत फोमवाले लई झाले. तरी हा कापूस कमी भरत नाय. गिऱ्हाईक बघत नसलं तरी नाय.

मी नववीतनं शाळा सोडली, तवा यानंच ओट्यावर माझं शिलाई मशीन मांडू दिलं. भाडं काय, तर दुपारचा चहा.

गेल्या महिन्यात रस्ता रुंद करायचा म्हणून नगरपालिकेचा साहेब टेप घेऊन आला. दुकानाबरोबरच बांधलेले जुने ओटे सोडायचे, नंतर पुढं काढलेले पाडायचे. सगळ्या पेठेनं आधीच ठरवलेलं, ओटे निजामाच्या काळातलेच सांगायचे. किराणावाल्या तात्यासाहेबानं तर देवाची शपथ खाल्ली. मग चाचाची पाळी आली.

"चाचा, ओटा कधीचा?"

मी मागून त्याचा सदरा ओढला. त्यानं हात झटकला.

"अब्बानं बांधला, पोलीस ॲक्शननंतर. मी सात वर्षांचा व्हतो. पेठ ओस पडलेली, इचारणार कोण? गटारावर फरशी टाकली. आमचं बघून मग सगळ्यांनीच टाकली."

साहेबानं तिथंच फरशी उचलायला लावली. खाली दगडी गटार, सरळ पेठभर गेलेलं.

साहेब पुढं गेल्यावर मी म्हणलं, "चाचा, तुमच्या तोंडाला टाका घालू का?"

"सरू, गटार म्या पाह्यलंय."

"पाह्यलं तर पाह्यलं! सांगायचं कशाला?"

"त्यानं इचारलं ना."



रविवारी सगळे ओटे पाडले. माझं मशीन आत गाद्यांच्या ढिगात आलं. पाय मारला की कापूस उडतो, गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला चिकटतो. चाचाला बोलत बोलतच शिवते.

सोमवारी तात्यासाहेब दारात येऊन वरडायला लागला, "म्हातारं सटकलंय! सगळी पेठ बुडवली!"

मी कात्री घेऊनच उठले. "ओ तात्या, देवाची खोटी शपथ कोणी खाल्ली? चाचानं का तुमी? त्याला शिव्या द्यायला मी हाये. सकाळपासून देतेच हाये. तुमी निघा."

तो पुटपुटत गेला.

"मोठ्या माणसाशी असं बोलत्यात का, सरू?" चाचा म्हणला.

"तुमी तर आता बोलूच नका!"