रागाचं पहिलं पत्र

कोर्टाबाहेरच्या कडुनिंबाखाली तो लोकांचे अर्ज लिहून द्यायला टाइपरायटर घेऊन बसायचा. प्रत्येक वाक्य आधी ओठांत घोळवायचा, मगच टाइप करायचा. यंत्रावर पडलेला फुलोरा मात्र कधी झटकायचा नाही.

कामठीच्या माझ्या मामाचं कर्ज थकलं होतं. कोर्टात खेचून दोन्ही यंत्रमाग जप्त करू, अशी बँकेची नोटीस आली होती. मामाला घेऊन मी त्याच्याकडे गेलो आणि उत्तर मीच सांगू लागलो. लूट, शोषण, जनतेला जाब द्या. माझ्या आवाजामागून बटणं टकटकत होती आणि अख्खी दुपार त्या लयीत तरंगत होती.

"झालं का गा?" त्याने विचारलं आणि कागद काढला. कागद कोराच होता. अक्षरांना शाई लागू नये म्हणून रिबनची कळ त्याने आधीच फिरवून ठेवली होती.

"रागाचं पयलं पत्र मी असंच टाइप करतो. आता यायले बोलू दे." मग तो मामाकडे वळला. "मामाजी, महिन्याले किती जमते तुमाले?"

मामा पहिल्यांदाच बोलला. चार ओळींचा अर्ज झाला. पैसे त्याने एकाच कागदाचे घेतले.

हप्ते मंजूर झाले, माग वाचले. तो कोरा कागद अजून माझ्याकडे आहे. उन्हात धरला की माझी अक्षरं बारीक खळग्यांसारखी उमटतात, आणि त्यातलं एकही मला अजून खोटं वाटत नाही.